पाठ आता दुखत नाही

चिमीच्या आईस,

मी मजेत आहे. आधी जेवून घे, मग सावकाश वाच.

शहर एवढंसं आहे. बाजार, शाळा, बंदर, सगळं पायी. चिमी एकटी शाळेत जाईल.

काम रंगाचंच, पण भिंत नाही रंगवायची, नुसती रेघ ओढायची. पुढच्या मोठ्या भरतीला पाणी कुठवर चढेल ते साहेब मोजून सांगतात, आणि आम्ही घराघरावर तिथे निळी रेघ ओढतो. साहेबांनी पुन्हा मोजलं की जुनी पुसायची, नवी ओढायची. सुरुवातीला उकिडवं बसावं लागे, कंबरडं मोडायचं. तू दिलेलं तेल त्यातच संपलं. आता उभ्यानेच काम होतं, त्यामुळे पाठ अजिबात दुखत नाही. उगाच काळजी करू नकोस.

माणसं चांगली आहेत. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकू परवा चहा देऊन म्हणाल्या, "जरा खाली ओढ ना रे, ब्रश तुझ्याच हातात आहे." मी हसलो. मग वीतभर खाली ओढली. त्यांना केवढं बरं वाटलं.

आईचा खोकला कसा आहे? चिमीचा पडलेला दात आला का?

खोली तळमजल्यावरची मिळाली आहे, हवेशीर आहे. पण तिकिटं काढली नसशील तर राहू दे. चिमीची परीक्षा होऊ दे आधी.

बाकी सगळं ठीक. काल मुकादमाने आम्हाला शिड्या वाटल्या.

चिमीला पापा.

तुझा,
चिमीचा बाप