खरवडलेली ओळ

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय योगिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच ठेवून देशील, अशी धास्ती आहे. ठेवलंस तर तक्रार करायचा मला हक्क नाही. फोनवर हे जमलं नसतं. फोनवर मी समोरच्याला बोलू देत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? भूमापन कार्यालयातून मी निवृत्त झाले त्या दिवशी शिपाईसुद्धा पेढे जरा जास्तच आनंदाने खात होते. कागदावर निदान आपलं बोलणं आपल्यालाच पुन्हा वाचावं लागतं.

आधी रोहितचं सांगते. तो तिकडे पेनसिल्व्हेनियातच आहे, बायको क्लारा. मुलगी चांगली आहे, भाकरी थापायला शिकली. माझ्या सख्ख्या मुलाला अजून चहा धड येत नाही. तर गेल्या दिवाळीपासून या क्लाराने आपल्या घराण्याचा शोध घ्यायचं मनावर घेतलं. आडनाव डीफेनबाख. उच्चारायला घसा साफ करावा लागतो. पावणेतीनशे वर्षांपूर्वी मूळ पुरुष योहान पेटर जर्मनीतलं गाव सोडून निघाला, नदीने रॉटरडॅमला आला, तिथून जहाजाने फिलाडेल्फियाला. वाटेत दगावलेलं एक मूल समुद्रात सोडावं लागलं. मग जंगल तोडून शेती केली, दगडी कोठार बांधलं. ते अजून उभं आहे म्हणे. आपल्याकडे मागच्या वर्षीचा रस्ता उभा राहत नाही.

या माणसाचं बायबल घरात राहिलं होतं आणि त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर मुलांच्या जन्माच्या नोंदी होत्या. पण जुन्या जर्मन वळणाचं ते अक्षर घरात कुणाला लागेना. तेव्हा रोहितला आई आठवली. एरवी आई आठवते ती लोणच्याच्या मसाल्यासाठी. आपल्या सिस्टर हेडविग आठवतात ना? आपले अण्णा दर शनिवारी कॉन्व्हेंटच्या प्रार्थनाघरासाठी निशिगंध आणि ग्लॅडिओलस पोचवायचे आणि त्या ओळखीवर आपल्या दोघींना तिथे प्रवेश मिळाला. सिस्टर त्यांच्या जर्मनीतल्या आईच्या पत्रांतलं तसलंच जुनं अक्षर मला वाचायला शिकवायच्या आणि तू बाकाखाली बसून माझ्या वेणीत चुरलेला झेंडू खोचायचीस. एकदा तशीच वर्गात गेले. सगळा वर्ग हसला आणि हातावर पट्टी मात्र मी खाल्ली. तुझं नाव मी सांगितलं नव्हतं. एकेकाळी मी अशीही होते, म्हणून लिहिते.

तर रोहितने पानांचे फोटो पाठवले आणि मी चार महिने भिंग घेऊन बसले. चार मुलगे, चौघेही योहान. योहान जॉर्ज, योहान आदाम, योहान मिशाएल, योहान हाइनरिख. हाक मारायची ती दुसऱ्या नावाने. मुली तीन, सगळ्यांत मोठी एलिझाबेथ. पण या सात नावांत चौथ्या आणि पाचव्या नावाच्या मध्ये एक ओळ पात्याने खरवडलेली. कागद इतका पातळ झालेला की पलीकडचं अक्षर दिसावं. आपल्या कार्यालयात नोंद खोडायची झाली तर नाव कंसात टाकतात, खाली नवी नोंद आणि सही. खरवडलेला कागद दिसला की माझं डोकं फिरतं. मी रोहितला म्हटलं, त्यांच्या चर्चची बाप्तिस्म्याची वही पाहा. त्यात आठवं नाव मिळालं. मारिया बार्बारा. पुढे ती एका आयरिश गाडीवानाबरोबर निघून गेली. तो कॅथलिक, हे लुथरन, पंथच वेगळे. क्लाराच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की पेटर फार कडक माणूस, त्याने एका मुलीचं नाव पुसलं. मी व्हिडिओ कॉलवर त्या पेटरला अशा शिव्या घातल्या की क्लाराला मराठी येत नसूनही सगळं कळलं.

बार्बाराचं थडगंही सापडलं, दूर ओहायोत. दगडावर नवऱ्याच्या नावाखाली कोरलंय, ‘योहान पेटर डीफेनबाखची कन्या’. हे वाचलं त्या दिवशी मी कपाटातून तुझ्या लेकीची, सृष्टीची लग्नपत्रिका काढली. तुझ्या दीपकच्या सगळ्या कुमाऊनी नातेवाइकांच्या खाली, कोपऱ्यात, तू अण्णांचं नाव छापून घेतलं होतंस, ‘कै. खंडेराव यांची नात’. मी त्या लग्नाला आले नव्हते. गुडघ्याचं कारण कळवलं होतं. गुडघा ठीक होता.

पुढचं ऐक. मार्चमध्ये क्लाराला आणखी एक कागद मिळाला. पेटर वारला तेव्हा तिथल्या पाद्र्याने त्या बायबलमधल्या नोंदी उतरवून घेतल्या होत्या. त्या यादीत आठही नावं आहेत. म्हणजे बाप मरेपर्यंत बार्बारा त्या पानावर होती. पातं फिरलं ते नंतर. आणि नंतर बायबल होतं एलिझाबेथकडे. तिने लग्न उशिरा केलं, बापाचं दुखणं-खुपणं काढलं, घर सांभाळलं. क्लारा हसत म्हणाली, “बिचारा पेटर! आम्ही इतकी वर्षं भलत्याच माणसाला शिव्या देत होतो.” रोहित म्हणाला, “आई, तुझ्यामुळे कोडं सुटलं. जिंकलीस की तू.” मी नेटवर्क गेल्याचं सांगून फोन ठेवला.

योगिनी, आता मुद्द्यावर येते. गेल्या वर्षी सृष्टी नवऱ्याबरोबर त्र्यंबकेश्वरला गेली होती. आपल्या उपाध्यांनी कौतुकाने घराण्याची वही काढून दाखवली. अण्णांच्या वर्षश्राद्धाची नोंद. खंडेराव, पत्नी मालनबाई, मुलगी एक, कुंदन, म्हणजे मी. खाली सही. पोरीने तिथूनच मला फोन केला. “मावशी, मम्मीचं नाव राहून गेलंय का?” मी म्हणाले, “नाही बाळा, तुझ्या आजोबांचीच तशी इच्छा होती.” एका दमात, न अडखळता. त्यानंतर तू हल्द्वानीच्या घरातला अण्णांचा फोटो भिंतीवरून उतरवलास, हे सृष्टीने सांगितलं. तरीही मी काही बोलले नाही. वर्ष झालं.

ती नोंद अण्णांनी कशी घालावी? वर्षश्राद्ध त्यांचंच होतं. वहीत माझं अक्षर आहे, सिस्टरनी घटवून घेतलेलं, सुरेख. तू देवळालीच्या लष्करी कॅम्पातल्या दीपकबरोबर निघून गेलीस त्या महिन्यात माझं ठरलेलं लग्न मोडलं, हे खरं. वाटायला आपल्याकडे काही नव्हतं, तेव्हा लोभाचंही नाव घेता येत नाही. निव्वळ राग. अण्णांचं मी तीन वर्षं सगळं केलं, अंथरुणातलंसुद्धा. जायच्या दोन दिवस आधी त्यांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, मला काहीतरी म्हणतील. म्हणाले, “कुंदे, त्र्यंबकच्या वहीत दोघींची नावं घाल. धाकटीचं आधी लिही, तिला फार दिवस बाहेर ठेवलं.” मी हो म्हटलं. आणि वर्षभराने पेन हातात आलं तेव्हा उपाध्यांनी विचारलं, “मुली किती?” मी एक म्हणाले. एलिझाबेथला निदान पातं तरी वापरावं लागलं, मला एक शब्द पुरला.

परवा त्र्यंबकला जाऊन आले. जुने उपाध्ये गेले, आता त्यांचा महेश बसतो. त्याला सगळं सांगितलं. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्याहून निम्म्या वयाच्या माणसासमोर मान खाली घातली. म्हटलं, माझी नोंद खोड. तो म्हणाला, “आजी, वहीतलं आम्ही खोडत नाही. खाली जागा आहे. पण तुम्ही नाही लिहायचं, ज्यांचं राहिलंय त्यांनी यावं आणि आपल्या हाताने लिहावं.” तेवढ्यासाठी हे पत्र. मला माफ कर असं मी लिहिणार नाही. ते मागायचं तोंड मला नाही. तू माझ्याकडे उतरू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, सृष्टीबरोबर ये आणि परस्पर त्र्यंबकला जा. महेशने त्या पानात खूण घातली आहे. फक्त अण्णांचा फोटो आधी भिंतीवर लाव. ते पेटरसारखेच होते, त्यांनी काही पुसलं नव्हतं.

तुझी वेणीतला झेंडू अजून न विसरलेली,
ताई