पाय चुकला नव्हता

प्रिय सिद्धेश,

'प्रिय' लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं गेलं. खोडणार होतो, पण पत्राची सुरुवातच खाडाखोडीने नको वाटली. हे फोनवर बोलणार नाही. फोनवर तू "दादा, ऐक ना, ऐक ना" करत मध्ये घुसतोस आणि माझं बोलणं राहून जातं. चव्वेचाळीस वर्षं मी धाकट्या भावाचं ऐकूनच घेतोय. आज तू वाच. तुझी वहिनी खाली सोसायटीत भजनाला गेली आहे. ती वर यायच्या आत मला हे संपवायचं आहे.

मागच्या मे महिन्यात तू स्वतःहून मुलुंडहून बोरीवलीला गाडी आणून दिलीस. गावी जायला आम्ही बसची तिकिटं काढली होती, ती तू रद्द करायला लावलीस. "दादा, एवढी वर्षं लोकांना फिरवलंस, आता जरा घरच्यांना ऐटीत ने," म्हणालास. वनमालाला ते इतकं आवडलं की तिने तुझ्यासाठी लगेच शिरा केला. गाडी धुऊनपुसून लखलखीत होती, टायर नवेकोरे. मी विचारलं, सर्व्हिसिंग? तू म्हणालास, "एकदम टकाटक, कालच करून आणलीय." मी तरी सकाळी निघताना बॉनेट उघडून पाहिलं. ब्रेक ऑइल पातळीला बरोबर होतं, पण रंग कोऱ्या चहासारखा काळपट होता. मला वाटलं, या नव्या महागड्या गाड्यांचं असंच असेल. बेस्टच्या बसला हवेचे ब्रेक, तिथे हे ऑइलच नसतं. पण शंका आली होती तर तुला फोन करायला हवा होता. तेवढी चूक माझी. ती मी कबूल करतो, म्हणजे पुढचं तुझं तुला कबूल करता येईल.

फोंडा घाट उतरताना अर्ध्यात ब्रेकचं पेडल एकदम मऊ पडलं. दुसऱ्यांदा दाबलं तर थेट तळाला गेलं. समोर वळण, उजवीकडे दरी. हँडब्रेक ओढला आणि गाडी डावीकडे डोंगराला घासत नेली. डावीकडे वनमाला बसली होती. हे मला तेव्हा कळत होतं, सिद्धेश. मागे आपली पोर प्रांजल होती, दरीत गेलो असतो तर तिघंही संपलो असतो, म्हणून मी बायकोची बाजू निवडली. तिचा हात दोन ठिकाणी मोडला. आजही तिचं डावं मनगट पूर्ण वळत नाही आणि पेटीचा भाता तिला ओढता येत नाही, म्हणून भजनात ती आता नुसत्या टाळ्या वाजवते.

गाडी दोन तास तिथेच उभी होती. पोलीस आले, त्यांनी खालच्या गावातला मेकॅनिक आणला. त्याने पेडल दाबलं तर ते दगडासारखं घट्ट. पुन्हा पुन्हा दाबलं, घट्टच. तो म्हणाला, ब्रेकला काही झालेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू कणकवलीला आलास, गाडीत बसलास, तूही पेडल दाबून पाहिलंस. बराच वेळ बसून राहिलास. मग बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "दादा, होतं असं. ऑटोमॅटिक गाडी, दोनच पेडलं, वयात पाय चुकतो कधीकधी." वनमाला ऐकत होती. प्रांजल ऐकत होती. मी पोलिसांना लिहून दिलं की माझा पाय चुकला.

का लिहून दिलं, ते तुला कळायला हवं. शेवटची सहा वर्षं मी मागाठाणे डेपोत नव्या ड्रायव्हरांना शिकवलं. कुणी गाडी ठोकून आला आणि ब्रेक लागला नाही म्हणाला की मी त्याला चारचौघांत फाडून खायचो. ब्रेक लागला नाही ही ड्रायव्हरची सगळ्यात जुनी थाप, असं मी त्यांना सांगायचो. तीच थाप मी कोणत्या तोंडाने मारणार होतो? बत्तीस वर्षांत माझ्या गाडीचा कुणाला ओरखडा लागला नव्हता. हॉलमधलं विनाअपघात सेवेचं प्रशस्तिपत्र मी घरी आल्यावर स्वतः भिंतीवरून उतरवलं.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगतो. प्रांजलने मला विसरण्याच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे मला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं तरी मला वाटायचं, यांच्या तपासणीत काहीतरी निसटतंय. गॅस बंद केला का, हे मी तीनतीनदा बघायला लागलो. लायसन्सची मुदत संपली, मी नव्याने काढायला गेलोच नाही. दुपारी घरात कुणी नसलं की मी खुर्चीसमोर दोन चपला मांडायचो, डावी ब्रेक, उजवी ॲक्सिलरेटर, आणि स्वतःशीच हुकूम द्यायचो, ब्रेक, ॲक्सिलरेटर, ब्रेक. पाय एकदाही चुकला नाही. एकदा वनमाला लवकर घरी आली आणि तिने ते पाहिलं. चपला उचलून जागेवर ठेवल्या आणि चहा टाकला.

आणि मग या श्रावणात वाकोल्याला काशीरामच्या गॅरेजमध्ये सत्यनारायण होता. काशीराम आमच्या डेपोच्या वर्कशॉपमधला फिटर. निवृत्त झाल्यावर त्याने गॅरेज काढलं आणि तुझी गाडी त्याच्याकडे मीच पाठवली होती. प्रसाद हातावर देता देता तो म्हणाला, "जयवंता, भावाला समज दे रे. गेल्या वर्षी ऑइल उकळलं, तुम्ही वाचलात. दर वेळी नशीब येतं का?" मला वाटलं तो दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. मग त्याने सगळं सांगितलं. शर्यतीच्या ट्रॅकवर गाडी पळवली की ब्रेक तापून लाल होतात, ऑइल जळून निकामी होतं. मग भरल्या गाडीने लांब घाट उतरला की ते उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल तळाला जातं. तासाभराने ऑइल थंड झालं की पेडल पुन्हा घट्ट, जसं काही झालंच नाही. तू रविवारी ट्रॅकवर होतास आणि मंगळवारी ती गाडी आम्हाला दिलीस. काशीरामने त्याआधी दोनदा ऑइल बदलायला सांगितलं होतं. तू म्हणालास, पुढच्या खेपेला बघू. सर्व्हिसिंग झालंच नव्हतं, गाडी नुसती धुतली होती. आणि आमच्या अपघातानंतर पंधरा दिवसांनी तू त्याच्याकडे गेलास आणि स्वतःच्या तोंडाने सांगितलंस, घाटात ऑइल उकळलं, सगळं बदल. काशीरामला वाटत होतं, मला माहीतच आहे.

घरी येऊन मी प्रांजलला म्हटलं, काकाचे ते यूट्यूबवरचे गाड्यांचे व्हिडिओ लाव. ती खूश झाली, बाबांना अखेर आवड लागली म्हणून. त्यातला एक आहे, स्वतःची गाडी ट्रॅकवर नेण्याचा खरा खर्च. बोटांवर मोजत किती छान समजावतोस रे. प्रवेश फी इतकी, टायरचा एक सेट इतका, पेट्रोल, हेल्मेट, विमा कंपनी ट्रॅकवरचं नुकसान देत नाही ते वेगळं. आणि मग कॅमेऱ्यात बघून सांगतोस, "मित्रांनो, ब्रेक ऑइल दर ट्रॅक डेनंतर बदला. हजार रुपयांचं काम आहे, तिथे कंजुषी करू नका. घरच्यांचा जीव आहे." तारीख पाहिली. आमच्या अपघातानंतर तीन महिन्यांची. अकरा हजार अनोळखी माणसांना तू खरं सांगितलंस. त्याच आठवड्यात राखीला तू आमच्याकडे जेवलास आणि निघताना प्रांजलला दारात म्हणालास, बाबांना रस्ता एकट्याने ओलांडू देऊ नकोस.

गाडी पळवायचा शौक मला कळत नाही असं समजू नकोस. मलाही रिकाम्या रस्त्यावर बस सोडायचा मोह व्हायचा. तू कमावतोस, तू उडव, मला काय. ऑइल बदलायचा आळस केलास, तेही मी पोटात घातलं असतं. माणूस आळशी असतो. पण त्या सकाळी कणकवलीत तू गाडीत बसून जो वेळ घेतलास ना, त्या वेळात तुला सगळं कळलं होतं. तिथे तू ठरवलंस की हे दादाच्या अंगावर जाऊ दे, दादाचं वय झालंय, त्याच्यावर खपून जाईल. नीच आहेस. तुझ्या शिक्षणाच्या फीसाठी मी डबल ड्युट्या केल्या हे मी आजपर्यंत कधी काढलं नाही, आज काढतोय. काय करणार ते कर.

तू म्हणशील, कळलं तर मग वहिनीला तूच का नाही सांगितलंस. तीन आठवडे झाले, रोज सांगायला तोंड उघडतो. पण मी कसा दिसेन सांग. पाय चुकला म्हणून लेखी देणारा म्हातारा पंधरा महिन्यांनी उठून म्हणतो, माझी चूक नव्हती, ब्रेकच लागला नाही. प्रांजल मायेने मान डोलावेल आणि मला पुन्हा त्या डॉक्टरांकडे नेईल. काशीरामला साक्षीला उभा करू? माझ्याच घरात, माझ्याच बायकोसमोर? ते माझ्याने होणार नाही. हे तुझ्याच तोंडून यायला हवं.

एवढं असूनही मी कदाचित गप्पच राहिलो असतो, गप्प राहायची मला सवय आहे. पण काल जेवताना प्रांजलने चतुर्थीला गावी जायचा विषय काढला. त्या घाटानंतर वनमाला कुणाच्याच गाडीत बसलेली नाही, रिक्षातसुद्धा दांडा घट्ट धरून बसते. मला वाटलं ती नाहीच म्हणेल. तिने माझ्या पानात भात वाढला आणि मला लागू नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "सिद्धेश भाऊजी चालवणार असतील तर मी येईन. दुसऱ्या कुणावर माझा विश्वास बसत नाही." मी भात कालवला आणि जेवलो. सिद्धेश, तिने मला पहिल्याच दिवशी माफ केलं होतं, हाताचं प्लास्टर ओलं असताना. पंधरा महिने मी ती माफी घेऊन मान खाली घालून या घरात राहिलो. ती माझी नव्हती, तुझी होती. शनिवारी ये आणि तिच्याकडे स्वतः माग. दिली तर तूच गाडी चालव, मी मागे बसेन.

तुझाच, इलाज नाही म्हणून,
दादा