कुबडीची मूठ आणि नऊ तुकडे

११ जानेवारी १९९४, मंगळवार

साचा नापास! मुंबईच्या गिऱ्हाईकाचा फोन — कुबडीची प्लास्टिकची मूठ खरखरीत निघते, बाजारात कोणी हात लावणार नाही. हितेशभाई, आमचे मालक, फोन ठेवून सरळ माझ्या टेबलापाशी आले. ‘मॅडम, फिनिश पाहिजे. नाहीतर हे गिऱ्हाईक गेलं समजा.’

मूठ खरखरीत, कारण साचा खरखरीत. साचा कोरणाऱ्या स्पार्क मशीनचं काम साधं वाटतं — रॉकेलात बुडवलेलं पोलाद, वर तांब्याचा इलेक्ट्रोड, मधल्या फटीत ठिणग्या. प्रत्येक ठिणगी पोलादात एक बारीक खळगा पाडते. खळगा मोठा, की खरखर जास्त. पण तो मोठा कशाने होतो? करंटने? की ठिणगी किती वेळ टिकते त्याने? आमच्याकडे कोणी मोजलेलंच नाही. मीही नाही!

१२ जानेवारी

मशीन कमळाकरदादांच्या हातात. कोन गावाहून येतात, सायकलवर. म्हणाले, ‘ताई, करंट कमी करायचा. दुसरा उपाय नाय.’ पण मग एकेक साचा दोन-दोन दिवस मशीनवर बसून राहतो.

मी तक्ता आखला. चार गोष्टी — करंट, ठिणगीचा वेळ, दोन ठिणग्यांमधली विश्रांती, रॉकेलचा झोत. प्रत्येकीच्या तीन पायऱ्या. सगळ्या जोड्या करायच्या तर चाचणीचे एक्याऐंशी तुकडे! पण जोड्या नीट निवडल्या तर नऊ पुरतात. कॉलेजात हे शिकताना जांभया दिल्या होत्या. आज झोप उडाली.

हितेशभाई — ‘मशीन अडकवायचं आणि शेवटी हातात काय? नऊ जळके तुकडे?’ मग म्हणाले, ‘करा. पण लवकर.’

१७ जानेवारी

दादा वैतागले. तुकड्यांच्या चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला म्हणून. ‘सरल एक ते नऊ का नाय करत?’ मी सांगितलं, रॉकेल काळं होत जातं. ओळीने केलं तर दोष करंटचा की मळक्या रॉकेलचा, कसं कळणार? दादा मग हसले — ‘म्हंजे रॉकेलाला पत्ता लागू द्यायचा नाय!’

अगदी तेच!

१८ जानेवारी

वीज गेली. तुकडा अर्धवट. परत पहिल्यापासून.

२४ जानेवारी, सोमवार

तळोज्याला ओळखीच्या कारखान्यात खरखर मोजून आणली. बसमध्येच आकडे मांडले. करंटचा परिणाम आहे, पण ठिणगीच्या वेळाचा त्याच्या कितीतरी वर! करंट मधलाच, ठिणगी अगदी आखूड, विश्रांती कमी आणि झोत जोरात — असं आकडे म्हणतात. गंमत म्हणजे चारही गोष्टींची अशी जुळणी नऊ तुकड्यांत नाहीच. जी गोष्ट केलीच नाही ती चांगली निघेल, हे कागद कसं सांगतो? पटत होतं, आणि पटतही नव्हतं.

२५ जानेवारी

दहावा तुकडा. दादांनी बाहेर काढला, पुसला, नख फिरवलं. परत फिरवलं. ‘ताई, नखाला कायच लागत नाय!’ वेळही निम्मा. मी वेड्यासारखी टाळ्या वाजवल्या. दादा मात्र इलेक्ट्रोड उजेडात धरून बघत होते. ‘ह्यो जास्त झिजला का? आता त्येचा तक्ता करू या.’

३ फेब्रुवारी

साचा पास! नवी मूठ आरशासारखी. हितेशभाईंनी पेढे आणले. नमुन्याच्या दोन मुठी मी मागून घेतल्या.

६ फेब्रुवारी, रविवार

करंज्याला वेणूआत्याकडे. लहानपणापासून कुबड्यांवर चालते, चालत शाळेत शिकवायला जाते. तिच्या कुबड्यांना माझ्या मुठी बसवल्या. काय ऐटीत बसवल्या! ‘अगं बाई, काय चकचकीत!’ म्हणाली. आम्ही बंदरावर मासळी घ्यायला गेलो. तिने बोंबील निवडले, ओल्या हाताने कुबडी धरली — आणि हात सटकला. मी दंड पकडला म्हणून वाचली. गुडघा तरी खरचटलाच.

घरी येऊन जुन्या मुठी परत चढवायला लावल्या. ‘रागावू नकोस, मनिषा. पण घाम आला की हिच्यावर हात ठरत नाही गं. कुबडीची मूठ गुळगुळीत करायचं कोणाच्या डोक्यात आलं?’

माझ्याच.

मग विचारलं, ‘किती खरखर बरी?’ ती म्हणाली, ‘फार झाली तर तळवा सोलतो. मधे कुठेतरी. धरून बघितल्याशिवाय कसं सांगू?’

७ फेब्रुवारी

हितेशभाई — ‘मॅडम, पास झालेला साचा आहे. आता खाजवून खरूज कशाला काढता?’ तरीही मी मुंबईच्या गिऱ्हाईकाला फोन लावला. तिथल्या साहेबांना आत्याचा हात सटकल्याचं सांगितलं आणि विचारलं, खरखरीत मूठ नापास केलीत, गुळगुळीत पास केलीत — कुबडी वापरणाऱ्या कोणी धरून बघितली होती का?

‘कोणीच नाही,’ ते म्हणाले. आणि मग, ‘साचा थांबवतो. तुमच्या आत्या मुंबईला येतील का?’