सातव्या ओळीतलं वर्तुळ

अप्पा, आज शनिवार. मारुतीला तेल घालून आले आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर तुम्हाला लिहायला बसले. यासाठी नवा कागद आणलेला तुम्हाला आवडला नसता. आमच्या घाटकोपरच्या घरावरून विमानं उतरतात. तुम्ही एकदाच इथे आलात, तेव्हा गच्चीत उभं राहून ती मोजत होतात. इतक्या वर्षांत मला त्यांचा आवाज ऐकू येईनासा झाला होता. परवापासून परत येतोय. एक डोक्यावरून गेलं की दुसरं येईपर्यंत माझा हात थांबतो.

कारण तुमची नात. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. आता नौदलाची हेलिकॉप्टरं उडवते. दोन वर्षं ती गोव्यालाच आहे, तुम्ही जिथे रंगारी होतात त्याच ऑफिसात, नौदलाच्या सगळ्या विमानांचे मोठे साहेब बसतात तिथे. सोमवारी ती एका तुकडीची प्रमुख होणार. त्याआधी तिच्याकडे एक काम दिलंय, मोठ्या साहेबांच्या पदाचा इतिहास लिहून द्यायचा. पद कधी निघालं, कोण कोण बसलं, सगळं. त्यासाठी तिने तुम्ही रंगवलेला साहेबांच्या नावांचा फळा भिंतीवरून उतरवून घेतला.

तो सागवानी फळा मला अजून पाठ आहे. वरच्या ओळींतल्या साहेबांचा हुद्दा लहान, खाली येता येता मोठा होत गेलेला. विमानं वाढली, माणसं वाढली, तसं पदही वाढलं आणि मथळा तुम्हाला दोनदा खरवडून नव्याने लिहावा लागला. तुम्ही म्हणायचात, "खुर्ची तीच गो, पाटी तेवढी जड झाली." नाव, पासून, पर्यंत, असे तीन रकाने. नवा साहेब यायचा असला की तुम्ही त्याचं नाव आधी खडूने आखून ठेवायचात आणि समासात खडूचंच एक लहान वर्तुळ काढायचात. वर्तुळ म्हणजे थांब. साहेब येऊन खुर्चीत बसला की ते पुसायचं आणि मगच सोनेरी रंग. हा नियम ऑफिसाचा नव्हता, तुमचा होता. माझ्यातही तो उतरलाय. दूधवाला येऊन गेल्याशिवाय मी वहीत दुधाची खूण करत नाही. यजमान हसतात.

परवा तिचा फोन आला. "आई, एक गंमत सांगू? सातव्या ओळीत उजेड तिरका धरला ना, तर नावाखाली दुसरंच नाव दिसतं. यादीत तो माणूस कुठेच नाही."

मी म्हटलं, "असेल काहीतरी."

"असेल काय, शोधलं मी. जुन्या फायलीत आजोबांना दिलेला ठपका सापडला. साहेब रुजू व्हायच्या आधीच नाव रंगवलं, आणि ते आलेच नाहीत. हॉस्पिटलमध्येच गेले बिचारे. आजोबांनी लिहून दिलंय, खूण करायला विसरलो. मी इतिहासात घेतेय हं हे. रंगाऱ्याच्या विसरण्यामुळे पदावर कधीच न बसलेला एक माणूस फळ्यावर राहिला. झकास आहे की नाही? आजी पण सांगायची ना, ते विसरभोळे होते म्हणून?"

मी म्हटलं, "हो."

मग ती म्हणाली, "आणि ऐक, आमच्या तुकडीच्या प्रमुखांत माझी पण पाटी लागली. आता रंगवत नाहीत, पितळेवर कोरून येते. फोटो पाठवते."

"लागली? सोमवार कुठे आलाय अजून?"

"अगं, लावणारा सोमवारी येणार नव्हता, म्हणून आजच ठोकून गेला. तू पण ना, आई. अगदी आजोबांवर गेलीस."

फोटो आला. पितळेवर तिचं नाव, पुढे सोमवारची तारीख. चार स्क्रू. हे कापडाने पुसता येत नाही, अप्पा.

सातव्या ओळीच्या त्या वर्षी माझी मॅट्रिकची परीक्षा होऊन गेली होती. मी डबा घेऊन तुमच्या रंगकामाच्या शेडमध्ये आले आहे, फळा टेबलावर आडवा आहे आणि तुम्ही स्टोअरमधून टर्पेंटाइन आणायला गेला आहात. सातव्या ओळीत खडूतलं नाव. खारीच्या केसांचा तुमचा कुंचला, वाटीत कालवलेला सोनेरी रंग, तो आधीच्या साहेबांची शेवटची तारीख भरायला होता. तुम्ही परतलात तेव्हा मी शेवटच्या अक्षरावर होते. तुम्ही ओरडला नाहीत. आधी समासाकडे बघितलंत.

"वर्तुळ खंय गेला?"

"नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही काढलंच नव्हतं."

तुम्ही फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलंत. रंग ओला होता, एका पुसण्यात निघाला असता. मग वाकून अक्षरं बघितलीत, बराच वेळ. "अक्षर बरा इला गो तुजा," म्हणालात आणि फडकं बाजूला ठेवलंत. तुमच्या तोंडून कौतुक ऐकलेला तो माझा एकच दिवस. पाच दिवसांनी साहेब गेल्याची तार आली. तोवर रंग लाकडात मुरला होता. तुम्ही खरवडलंत, पॉलिश केलंत, वर दुसरं नाव लिहिलंत, तरी ते खाली राहिलंच. ठपका आला तेव्हा माझं नाव कुठेही घेतलं नाहीत. ते तुम्ही माझ्यासाठी केलंत असं मी बरीच वर्षं समजत होते. पण तुम्ही खरंच मानलं होतंत की आपण विसरलो. त्यानंतर तुम्ही आईला दाराची कडी दोनदा बघायला लावायचात. फळ्याचं काम असलं की घरी जेवतानाही विचारायचात, "मी वर्तुळ काढलंय मा?" आई मान डोलवायची. मी ताटात बघायचे. पुढे तुम्ही कुंचलाच खाली ठेवलात. हात कापत नव्हता तुमचा. भरवसा उडाला होता.

साहेब आजारी होते, ते त्यांच्या आजाराने गेले. एवढं मला कळतं. पण तो फोटो उघडला की हे कळणं पुरत नाही. रोज पोथी वाचणारी बाई मी, आणि परवापासून देवासमोर हात जोडले तर काय मागायचं ते सुचत नाही. माझ्या खोट्याचा हिशोब त्याने कुणाच्या नावावर ठेवला असेल, हेच मनात येतं.

सकाळी ठरवलं, तिला सांगून टाकायचं. तुझा इतिहास चुकतोय, सोमवारी तो साहेबांकडे जायच्या आत ते वाक्य काढ. फोन लावला. बंद आहे. तिच्या ऑफिसातल्या मुलीने सांगितलं, "मॅडम फ्लाइंगला गेल्यात. चार्ज घ्यायच्या आधीची शेवटची फेरी आहे. चारपर्यंत येतील, काकू."

आता पाच वाजत आलेत. मघाशी उंबऱ्यावर रांगोळीने एक लहान वर्तुळ काढलं. यजमानांनी विचारलं, हे काय मध्येच. म्हटलं, ओलांडून जा, पुसू नका.

हा कागद तुमच्या तसबिरीमागे ठेवीन. तिचा फोन आला की तिला सांगीन. येईपर्यंत तुम्हाला तरी. अप्पा, वर्तुळ होतं. नेहमीच्याच जागी होतं आणि त्याचा अर्थ मला माहीत होता. ते मी ओल्या बोटाने पुसलं. तुम्ही विसरला नव्हतात.