घासून लख्ख केलेले आठ व्हॉल्व्ह

दि. ४

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पार्सल काल बसने पोचलं. हेडचं पॅकिंग एक, स्प्रिंगा आठ, व्हॉल्व्ह दोन, घासायच्या पेस्टची डबी एक. मिळून दोन हजार तीनशे दहा. हमालाने वर दहा मागितले, पाचात भागवले. अशा जुन्या इंजिनाचे व्हॉल्व्ह आता बनत नाहीत, शोधून शोधून एक मोठा आणि एक लहान एवढेच मिळाले, असं तू लिहिलंस. दोन तर दोन. जुने आठ आहेतच, नुसते काजळी धरून बसले होते.

ह्यांनी आमच्या उतारूंच्या लाँचच्या इंजिनाचं हेड उघडून ते काढले आणि बुटाच्या खोक्याला भोकं पाडून रांगेने खोचून ठेवले होते. मी हातासरशी भांड्यांच्या पावडरीने घासले, पुसले आणि ताटात मांडले. मोठे मोठ्यांत, लहान लहानांत. तोंड पाहून घ्यावं असे निघाले. फक्त चकतीवरची बारीक टिंबं जाईनात. कुठे एकच, कुठे पाच-सात, देवीच्या व्रणांसारखी.

हे घरी आले, ताटाकडे पाहिलं आणि पायरीवर जाऊन बसले. चहा निवला. मला वाटलं, कौतुकाला शब्द सापडत नसतील. मग म्हणाले की कुठला व्हॉल्व्ह कुठल्या भोकातला, हे आता देवही सांगू शकणार नाही. मी म्हटलं, देवाला मध्ये ओढू नका. यावर रागावलेसुद्धा नाहीत, तीच मला धास्ती. आता इंजिन भंगारात घालायचं म्हणतात. दूरच्या बंदरावर ड्रायव्हरची नोकरी आहे, वर्षातून दोनदा घरी यायचं. महिनाअखेर होकार कळवणार आहेत.

तू दुकानदार आहेस. माझ्या हातून खरंच इंजिन बुडालं का, ते स्पष्ट लिही. माया आहे, ती राहू दे.

तुझी
ताई

दि. ९

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून गल्ल्यावर एकटाच हसत बसलो. गिऱ्हाईक समोर उभं, त्याला वाटलं दुकानदाराला काहीतरी झालं. बाबांचे स्क्रू तू रंगावरून लावून ठेवले होतेस, आठवतं? आई म्हणायची, हिच्या हाती वादळ दिलं तर घडी घालून कपाटात ठेवेल.

दाजींचं खरं आहे. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या भोकाच्या तोंडाशी असलेल्या एकाच बैठकीवर आपटून तिच्याच मापाचा झालेला असतो. दुसऱ्या बैठकीवर बसवला तर नांदत नाही, फटीतून दाब निघून जातो. बैठका नव्याने कापाव्यात, तर तुमच्या हेडमध्ये आणखी कापायला जागा नाही.

पण तुझंच पत्र पुन्हा वाच. एका ठिकाणी एक टिंब, दुसऱ्या ठिकाणी पाच-सात? अगं, तो मळ नव्हे. इंजिन पहिल्यांदा बांधताना तुझ्या मामंजींनी टोकदार पंचने ठोकलेले भोकांचे नंबर असणार. जुने कारागीर असंच करायचे. इतकी वर्षं ते काजळीखाली झाकलेले होते, म्हणून दाजींना ठाऊक नाहीत. मोजून बघ. एकापासून आठपर्यंत निघाले, तर घासलंस म्हणून वाचलात.

आता निवड. ज्याची कड नाण्याएवढी जाड तो ठेवायचा, सुरीसारखी झाली असेल तो टाकायचा. तिथे जीव अडकवू नकोस. स्प्रिंगा आठही नव्याच घालायच्या. आणि जुनं पॅकिंग तू धुऊन जपून ठेवलं असशील, हे मी इथे बसून सांगतो. ते पुन्हा वापरायचं नाही. गरम पातेल्याखाली घे.

दाजींना माझा नमस्कार सांग, आणि होकार तूर्त खिशातच ठेवायला सांग. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझा
धाकटा

दि. २२

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

पॅकिंगचं तुला कोणी सांगितलं? घेतलं पातेल्याखाली.

तुझं पत्र मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. टिंबांपर्यंत आले आणि हे उठून ताट घेऊन उजेडात गेले. एक ते आठ, एकही चुकलेलं नाही. बराच वेळ अंगठ्याने चाचपत होते. मग हळूच म्हणाले की आठातलं शेवटचं टिंब बाबांनी घाईत मारलंय, जेवायला हाक आली असेल.

तीन आणि सहा नंबरची कड सुरीसारखी निघाली. एक लहान, एक मोठा, म्हणजे तू पाठवलास तोच जोड! मी देवापुढे साखर ठेवली. हे म्हणाले, थोडी धाकट्यालाही पाठव. नवे दोन ह्यांनी तुझी पेस्ट लावून त्या बैठकांवर घासून नीट बसवले. हेड बांधायच्या आधी हातोडी आणि पंच माझ्या हातात दिला आणि म्हणाले की नव्या दोघांवर नंबर तू घाल, पुढे कोणी घासलं तर सापडेल. तीन ठोकली, मग सहा. सहातलं एक कडेला गेलंय, घाई नव्हती तरी.

काल लाँच पलीकडे जाऊन आली. धूर पांढरा नाही, काळा नाही. शाळेच्या बाई आणि वीटभट्टीचे कामगार काठावर उभेच होते. इंजिन न्यायला आलेला भंगारवालाही तिकीट काढून बसला, पुरे पैसे घेतले. संध्याकाळी ह्यांनी बंदरवाल्यांना नकार लिहिला. मला म्हणाले की हे नवे दोन व्हॉल्व्ह चालतात तोवर मी कुठे जात नाही.

म्हणून विचारते. दुकानदार म्हणून नव्हे, भाऊ म्हणून खरं सांग: चांगला व्हॉल्व्ह किती वर्षं टिकतो? आणि तसे आणखी कुठे मिळाले, तर बाजूला काढून ठेव. उलट टपाली कळव.

तुझी
ताई