दोडक्यासाठी शेणाच्या कुंड्या

धानोरा, जि. चांदा
रविवार, ता. ८ एप्रिल १९५६

चि. सौ. कमळास,

तुझे पत्र होळीच्या आधीच मिळाले. उत्तराला उशीर झाला. इकडे मी बरा आहे, जेवण वेळेवर होते. तांबडी गाय व्याली, गोऱ्हा झाला. आलापल्लीला जावईबापूंचे जंगलातले काम आता वाढले असेल. उन्हात डोक्याला काही बांधत जा म्हणावे.

तू लिहिलेस की पहिले बाळंतपण सासरीच करायचे ठरत आहे, कारण धानोऱ्याला आता घरात बाईमाणूस नाही. त्याचे उत्तर खाली लिहितो. आधी दुसरे सांगतो.

यंदा वेलांसाठी कुंड्या मी केल्या. तुझे पत्र आले त्याच दिवशी बसलो. तुला माहीतच आहे, बी पडवीत कुंडीत रुजवायचे आणि पाऊस लागला की कुंडीसकट परसातल्या बाडीत पुरायचे. शेणाची कुंडी मातीत विरून जाते, वेलाच्या मुळाला धक्का लागत नाही. इतकी वर्षे मी हे लाकडाच्या डेपोवर मुनशीगिरीला जाता-येता नुसते पाहिले होते. शेणात धानाचा कोंडा आणि चुलीतली राख कालवली आणि पालथ्या गडव्यावर थापले. वाळल्यावर सुटेचना. शेवटी गडवा घासत बसलो. मग आठवले की मध्ये ओले फडके असायचे. फडके काही सापडेना. दांडीवर लुगडी आहेत, पण त्यांना हात लावला नाही. माझे जुने धोतर फाडले. मग मात्र एकेक कुंडी टोपीसारखी निघू लागली. पाणी निथळावे म्हणून प्रत्येकीच्या बुडाला बोटाने भोक पाडले आणि सगळ्या कुंपणाच्या भिंतीवर वाळत ठेवल्या.

यंदा आपल्याकडे सण नाही, म्हणून पंचांग उघडलेच नव्हते. होळीच्या सकाळी पाहतो तर भिंत मोकळी. भोकाचे वाळके शेण दिसल्यावर पोरांनी त्या होळीत टाकायच्या चाकोल्याच समजल्या. दोरीत ओवून माळ केली आणि होळीला चढवायला नेली. एवढ्या मोठ्या चाकोल्या गावात कोणाच्याच नाहीत म्हणून मिरवीत नेल्या म्हणे.

शेजारी सुकरीबाईकडे गेलो, तर ती आधी पोटभर हसली.

"मुनशीभाऊ, शेनाले भोक पाडून भितीवर ठेवता, अन् थेबी होळीच्या तोंडावर! पोट्टे मंग काय त्याची आरती करतीन?"

मी म्हटले, "मागून पाहू का?"

"होळीत गेलं ते गेलं. मागाले जासान तं अख्खं गाव हासन." मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुमची बाई होळी झाल्याशिवाय कुंड्या करे नाई. तुमी काऊन एवढी घाई केली?"

मी म्हटले, "बाळंतिणीला दारचा दोडका असलेला बरा."

ती हसायची थांबली. "कमळा येऊन राह्यली?"

"नाही. तिकडेच राहते असे तिचे पत्र आहे."

"तुमी बोलावलं का तिले?"

मी जायला वळलो.

"नाई ना? मंग ते काऊन येईन? पोरगी आपल्या मनानं कशी म्हनन का मी येतो म्हनून! तिले बोलवाव लागते. बाई होती तं बाई बोलवे. आता कोन बोलवन, तुमचा गोऱ्हा?"

तर कमळा, मी बोलावतो आहे. तू बाळंतपणाला इकडे ये.

तुझ्या सासूबाईंचे म्हणणे खोटे नाही. घरात तुझी आई नाही. (हे लिहून मी थोडा वेळ बाहेर जाऊन आलो.) पण आरमोरीच्या कलाबाई आत्याला मी निरोप पाठवला होता. ती येते म्हणाली, सवा महिना होईपर्यंत हलणार नाही. सुईणपणाचे सुकरीबाईने तर मला विचारलेही नाही. "तिले म्याच काहाडली, तिचंबी मीच काहाडीन," म्हणाली. तिने सांगितलेल्या शेक-शेगडीच्या गोवऱ्या वेगळ्या रचून ठेवल्या आहेत. त्यांना भोके नाहीत.

मला स्वतःला यातले काही कळत नाही. पाणी तापवता येते. जागता येते. दोन-तीन भाज्या जमू लागल्या आहेत, मीठ अजून कधी कमी, कधी जास्त पडते.

कुंड्या पुन्हा केल्या. या वेळी पडवीतच वाळवल्या. शेण कमी पडले तिथे करवंट्या घेतल्या, बांबूची पेरे कापली, फुटक्या मडक्याचे बूड घेतले. बी अजून घातलेले नाही, अवकाश आहे. तू आलीस की तुझ्या हाताने घाल.

आठव्या महिन्यात प्रवास करू देत नाहीत, म्हणून सातवा सरायच्या आत निघायला हवे. पाडवा झाला की मी मोटारीने आलापल्लीला येतो. सासूबाईंशी मीच बोलेन. मला बोलता येत नाही हे तुला ठाऊक आहे, पण या कामासाठी बोलेन. तुझ्या मनात खरोखरच यायचे नसेल तर तसे मला तोंडावर सांग. मी रागावणार नाही. भेटून परत येईन.

एक राहिले. आजवर तुला गेलेली सगळी पत्रे तुझी आई चुलीजवळ बसून सांगायची आणि मी लिहायचो. मध्ये मी माझे काही घातले तर तिला कळायचे, ती पुन्हा वाचून दाखवायला लावायची. शेवटी दोघांचे आशीर्वाद म्हणून लिही, असे बजावायची. या वेळी सांगायला कोणी नव्हते, म्हणून इतके दिवस लागले.

आशीर्वाद आज एकट्याचाच आहे. पुरवून घे.

तुझा
बाबा