घारीला बाज

१७ मे, सकाळी साडेनऊ

प्रिय ताई,

सा. न. वि. वि. मी मजेत आहे असं लिहायची पद्धत असते. तब्येत बरी आहे, एवढंच लिहितो.

ऊन मरणाचं आहे. टेकडीवरच्या पत्र्याच्या खोलीत दुर्बीण धरली की हाताला चटका बसतो. काम तेच. बाज पवनचक्क्यांकडे येताना दिसला की खाली फोन करायचा, तो पात्यात सापडू नये म्हणून फोनवरची मुलगी त्याच्या वाटेतली पवनचक्की थांबवते. घारी ढिगानं असतात, त्यांच्यासाठी थांबवत नाहीत. शेपटीला खाच दिसली की घार. बाजाची शेपूट गोल, पंख रुंद, आणि उन्हाळ्यात पिसं गळली की पंखात दात पडल्यासारखी फट. इतकं सोपं.

तरी या महिन्यात मी सात वेळा घारीला बाज म्हटलं.

तिनं वहीत दर वेळी लिहिलं, ‘उन्हाच्या झळांमुळे चूक.’ वर मला म्हणायची, “टेकडीवाले, डोळे तपासा हो. तुमच्या घारींपायी मला बोलणी बसतात.” सातव्या वेळी साहेबांनी तिला बजावलं, खात्री न करता बटण दाबलंस तर घरी बस.

परवा बाज आला. डाव्या पंखात फट असलेला, एप्रिलपासून ओळखतो मी त्याला.

“बाज, तीन नंबर, थांबव.”

“नक्की ना? शेपूट बघितलीत?”

“अगं, थांबव म्हणतो ना.”

“शपथ घ्या आधी.”

ती हसत नव्हती, ताई. पातं थांबायला अर्धं मिनिट लागतं. ते आम्ही बोलण्यात घालवलं, आणि बाज पात्याखाली मेला.

मी खाली जाऊन साहेबांच्या टेबलावर दुर्बीण आपटली. भिंग फुटलं. साहेब म्हणाले, “तू कशाला तापतोस? उशीर हिनं केला.” ती मान खाली घालून म्हणाली, “त्यांना बोलू नका. त्यांचे डोळेच कच्चे आहेत.”

आज अकराला चौकशी आहे. तिची नोकरी जाणार.

माझे डोळे कच्चे नाहीत. सातही वेळा घार मी लांबूनच ओळखली होती. फोन उचलून ती “बोला, टेकडीवाले” म्हणते, तेवढ्यासाठी केलं. आता हे तिच्यासमोर सांगायचं.

कॉलेज अर्ध्यात सोडून मी दार आपटून निघालो, तरी तू साहेबांना शब्द दिलास, ‘डोकं गरम आहे, पण खोटं बोलत नाही.’ खाली जाताना हे पत्र पेटीत टाकतो, म्हणजे मला मागं फिरता येणार नाही.

तुझा शब्द अकरापर्यंतच खोटा ठरवणारा,
धाकटा